सासरे आमच्याकडे असतात

जावईबापूंनी आयुष्यात एक वाक्य इतक्या वेळा उच्चारलं होतं, की ते खरं आहे की नाही हे तपासून पाहावं असं त्यांच्या कधी मनातच आलं नाही. ते वाक्य म्हणजे, ‘सासरे आमच्याकडे असतात.’ ऑफिसात, डॉक्टरच्या दारात, न्हाव्याच्या खुर्चीत कोणीही ‘घरी कोण कोण?’ असं विचारलं, की जावईबापू आपला मोठेपणा लपवत आणि तो पुरता लपणार नाही याची काळजी घेत म्हणत, ‘मी, मिसेस, आणि सासरे आमच्याकडे असतात.’ समोरचा म्हणे, ‘वा, हल्ली कोण करतं एवढं?’ त्यावर जावईबापू नुसतं हसत. त्या हसण्यात त्याग असे.

आता वस्तुस्थिती अशी होती, की दुसऱ्या मजल्यावरचं ते घर सासऱ्यांच्या नावावर होतं. दारावरची पाटी सासऱ्यांची, विजेचं मीटर सासऱ्यांचं, दिवाणखान्यातली सगळ्यात आरामशीर खुर्चीही सासऱ्यांची. लग्न झाल्यावर ‘चांगली जागा मिळेपर्यंत’ म्हणून जावईबापू दोन बॅगा घेऊन तिथे राहायला आले, आणि चांगली जागा अजून मिळायची होती. पण ‘मी सासऱ्यांकडे असतो’ आणि ‘सासरे आमच्याकडे असतात’ यांत फरक काय तो विभक्तीचा, असं त्यांचं मत होतं. एका विभक्तीपायी माणसाने आपली इभ्रत घालवावी हे त्यांना पटत नव्हतं.

जावईबापू एका छत्र्यांच्या कंपनीत तक्रार विभागाचे प्रमुख होते. विभागात त्यांच्याखेरीज कोणी नसल्यामुळे ते प्रमुख होते. ज्यांच्या छत्र्या उलट्या झाल्या, मिटल्या नाहीत किंवा ऐन वेळी उघडल्याच नाहीत, अशांना ते पत्रं लिहीत. प्रत्येक पत्राची सुरुवात एकच: ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो, तथापि’. या ‘तथापि’च्या पुढे आजवर कोणालाही काहीही मिळालेलं नव्हतं.

सासऱ्यांना सगळी इमारत आप्पा म्हणायची. आप्पा निवृत्त बस कंडक्टर. त्यांचं उभं आयुष्य बसमध्ये गेलं, आणि ते खरोखरच उभं गेलं. खिडकीची जागा त्यांनी हजारो लोकांना मिळवून दिली, पण स्वतः कधी बसले नाहीत, कारण गाडीत एक जरी प्रवासी उभा असेल तरी कंडक्टरने बसायचं नाही हा त्यांचा स्वतःचा नियम होता, आणि त्यांच्या मार्गावर सगळे बसलेत असं कधी झालंच नाही. त्यांना दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक, त्यांच्या पिशवीत सुट्टे नाहीत असं कधी घडलं नाही. दोन, त्यांच्या गाडीतून एकही फुकट्या उतरून गेला नाही. फुकट्या त्यांना वासावरून कळायचा म्हणे.

तर झालं असं, की महागाईने लोक मेटाकुटीला आले म्हणून सरकारने मदत जाहीर केली. प्रत्येक सज्ञान माणसाच्या खात्यात एक रक्कम थेट जमा होणार होती. ही बातमी ऐकल्यापासून आप्पा वेगळ्याच तंद्रीत होते. त्यांच्या जुन्या ड्रायव्हरच्या पुतण्याकडे एक बस होती. सरकारचे पैसे आले की ती बस एक दिवस भाड्याने घ्यायची, इमारतीतल्या सगळ्यांना तिच्यात बसवायचं आणि समुद्रापर्यंत जाऊन यायचं असा त्यांचा बेत होता.

‘आणि मी खिडकीपाशी बसणार,’ ते मुलीला म्हणाले. ‘डाव्या बाजूला, चौथी रांग. तिथून सगळ्यात छान दिसतं असं लोक सांगायचे.’

पैसे आले. जावईबापूंचे आले, त्यांच्या बायकोचे आले, जुन्या ड्रायव्हरचे आले. समोरच्या काकूंचे तर त्यांनी मागायच्या आत आले, असं त्या म्हणाल्या. आप्पांचे मात्र आले नाहीत. ते चौकशीला बँकेत गेले. खिडकीमागच्या मुलीने पडद्यावर पाहिलं आणि मागच्या रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘आजोबा, तुम्हाला मिळणार नाहीत. तुम्ही अवलंबित आहात.’

रांगेत निम्मा जुना बसडेपो उभा होता.

संध्याकाळी जावईबापू घरी आले तेव्हा चहा तयार नव्हता. त्यावरूनच काहीतरी भयंकर घडलंय हे त्यांनी ओळखलं. आप्पा खुर्चीत बसले होते आणि बायको त्यांच्या शेजारी उभी राहून नवऱ्याकडे अशा नजरेने पाहत होती, की जावईबापूंनी बूट काढण्याचा विचार तात्पुरता पुढे ढकलला.

‘जावईबापू,’ आप्पा शांतपणे म्हणाले, ‘मी अवलंबित आहे का?’

जावईबापूंना अकाउंटंट आठवला. वर्षाच्या सुरुवातीला ऑफिसातल्या अकाउंटंटने टॅक्सचं रिटर्न भरताना विचारलं होतं, ‘घरी कोण कोण?’ आणि सवयीने ते म्हणून गेले होते, ‘सासरे आमच्याकडे असतात.’ ‘मग टाकू की अवलंबितात,’ अकाउंटंट म्हणाला, ‘थोडी सूट मिळेल.’ सूट नको म्हणणारा माणूस जावईबापूंनी छत्र्यांच्या धंद्यात पाहिला नव्हता. त्यांनी टाकू दिलं.

‘आप्पा, तो नुसता एक सरकारी शब्द आहे हो.’

‘त्याचा अर्थ काय?’

‘म्हणजे, दुसऱ्याच्या जिवावर... तसं नाही, दुसऱ्याच्या आधाराने...’

‘फुकट्या,’ आप्पा म्हणाले. ‘सरळ सांगा ना. उभ्या आयुष्यात मी एक फुकट्या सोडला नाही, आणि म्हातारपणी सगळ्या डेपोसमोर मलाच बिनतिकिटाचा म्हणून धरलं. आणि तेही तुम्ही.’

ते उठून आपल्या खोलीत गेले. त्यांनी दार आपटलं नाही. आपटलं असतं तर जावईबापूंना बरं वाटलं असतं.

‘उद्याच्या उद्या जाऊन ते काढून टाका,’ बायको म्हणाली. ‘तोवर माझ्याशी बोलू नका.’

उद्याच्या उद्या काढून टाकायला तो काही कपड्यावरचा डाग नव्हता. मदत कार्यालयात आप्पांना घेऊन जावईबापू गेले, तेव्हा पहिल्याच खिडकीवर नियम समजला. अवलंबित जर लहान मूल असेल, तर त्याच्या पालकाला थोडे जास्त पैसे मिळतात. अवलंबित जर मोठा असेल, तर ना त्याला मिळत, ना सांभाळणाऱ्याला.

‘म्हणजे आप्पा वयामुळे मूल नाहीत आणि अवलंबित असल्यामुळे मोठेही नाहीत?’ जावईबापूंनी विचारलं.

‘बरोबर समजलात,’ कारकून कौतुकाने म्हणाला. ‘फार थोड्यांना इतक्या लवकर समजतं.’

‘मग यांना अवलंबितातून काढायचं तर?’

‘यांनी स्वतः अर्ज करायचा.’

आप्पांनी लगेच पेन काढलं.

‘पण आत्ता नाही,’ कारकून म्हणाला. ‘आत्ता हे अवलंबित आहेत. अवलंबिताला अर्ज करता येत नाही. आधी स्वतंत्र व्हायचं, मग स्वतंत्र होण्यासाठी अर्ज करायचा.’

जावईबापूंना हे उत्तर मनापासून आवडलं. इतकं सुरेख वाक्य आपल्याला छत्रीच्या बाबतीत कधीच सुचलं नाही, याची त्यांना रुखरुख लागली. शेवटी तीन खिडक्या पालथ्या घातल्यावर मार्ग निघाला. जावईबापूंनी ‘चुकून दाखवले’ असं लिहून द्यायचं, मग तपासनीस घरी येऊन पाहणी करणार. ज्याच्या राहण्याजेवण्याचा आणि देखभालीचा निम्म्याहून जास्त भार दुसऱ्यावर, तो अवलंबित. भार नसेल तर स्वतंत्र.

ही बातमी इमारतीत पसरायला जिना चढण्याइतकाही वेळ लागला नाही, कारण समोरच्या काकू जिन्यातच होत्या. रात्रीच्या जेवणाआधी दिवाणखान्यात सल्लागार मंडळ भरलं. तळमजल्यावरचे वकील आले. ते फक्त मृत्युपत्रं करत, त्यामुळे त्यांचा प्रत्येक सल्ला आप्पा हयात नसल्यासारखा होता. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले. त्यांचं म्हणणं, समूळ काढून टाकणं उत्तम.

‘मी सांगते,’ काकू म्हणाल्या. ‘चूल वेगळी करा. सरकार चूल बघतं. माझ्या भाच्याच्या सासूने अशीच चूल वेगळी केली.’

‘मग मिळाले पैसे?’

‘पैशांचं माहीत नाही. पण तिचं वजन उतरलं.’

ठरलं. आप्पांची मागची खोली हे स्वतंत्र घर. जावईबापूंनी हौसेने शेगडी आणली, दारासमोर पायपुसणं टाकलं, दाराला घंटा बसवली. घंटा बसवताना भिंतीतली वायर तुटली आणि दिवाणखान्यातला पंखा बंद पडला, पण त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मांडणी तपासनिसांपुरती करायची असं जावईबापूंच्या डोक्यात होतं. आप्पांच्या डोक्यात तसं काही नव्हतं. नियम म्हणजे नियम.

‘उद्या सकाळपासून मी वेगळा,’ ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जावईबापूंना जाग आली ती शेजारच्या शाळेच्या मधल्या सुट्टीच्या गोंगाटाने. त्यांना इतकी वर्षं वाटत होतं की आपण आपोआप उठतो. प्रत्यक्षात आप्पा रोज सकाळी त्यांच्या दाराबाहेर उभे राहून दोनदा टाळी वाजवत, बसला दोन घंट्या देतात तशी, आणि जावईबापू झोपेतच निघत. बायको औषधांच्या दुकानात सकाळच्या पाळीला निघून गेली होती. जावईबापू धडपडत न्हाणीघरात गेले, तोंडाला साबण लावला आणि नळ सोडला. नळ फुसफुसला आणि गप्प झाला. पाण्याचा पंपही आप्पाच लावत असत.

इस्त्रीचा शर्ट नव्हता. डबा नव्हता. घराची किल्ली टेबलावर नव्हती, कारण टेबलावर ती रोज रात्री आप्पा आणून ठेवत. जावईबापू त्या दिवशी एक काळा आणि एक तपकिरी बूट घालून ऑफिसात गेले आणि एका गिऱ्हाइकाला चुकून नवी छत्री मंजूर करून बसले. कंपनीच्या इतिहासात असं प्रथमच घडलं. मालकांनी बोलावून घरी सगळं ठीक आहे ना असं विचारलं.

‘आप्पांना सांग ना थोडं,’ त्या रात्री ते बायकोला म्हणाले.

‘मी कशाला सांगू? स्वतंत्र माणसाच्या घरात मी नाक खुपसत नाही,’ बायको म्हणाली. ती मजेत होती. तिला आप्पा सकाळी आपल्या खोलीत नाश्त्याला बोलावत. मुलगी पाहुणी म्हणून आली तर नियमात बसतं, हे त्यांनी वकिलांना विचारून घेतलं होतं.

तपासनीस आल्या त्या सकाळी पंप कोणीच लावला नव्हता. घंटा वाजली तेव्हा जावईबापू तोंडाला अर्धा साबण लावून दारात आले. समोर चष्मा लावलेल्या, बारीक चणीच्या एक बाई उभ्या होत्या.

‘या ना, बसा,’ जावईबापू गडबडीने म्हणाले. ‘चहा टाकतो.’

साखर कुठे असते हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी एक डबा उघडला, त्यात गुंड्या होत्या. दुसऱ्यात दोरा होता. तिसऱ्यात जुनी तिकिटं निघाली. बाई शांतपणे पाहत होत्या. शेवटी जावईबापूंनी मान खाली घालून मागच्या खोलीची नवी घंटा वाजवली.

आप्पा दारात आले. इस्त्रीचा शर्ट, चापूनचोपून केस.

‘साखर,’ जावईबापू पुटपुटले.

‘उसनी की कायमची?’ आप्पांनी विचारलं आणि वाटी भरून दिली.

माठातल्या पाण्यावर चहा कसाबसा झाला. बाईंनी कागद काढले.

‘हं. घर कोणाच्या नावावर?’

‘त्याचं असं आहे,’ जावईबापू म्हणाले, ‘सासरे आमच्याकडे असतात.’

‘नावावर कोणाच्या?’

‘सासऱ्यांच्या.’

‘वीज, गॅस, पाणी?’

‘ते आप्पांच्या पेन्शनमधून जातं.’

‘वाणसामान?’

‘ते मिसेस बघतात.’

‘सकाळी उठवतं कोण?’

‘हे पण फॉर्मात आहे?’

‘देखभाल या सदरात.’

‘आप्पा. पण हल्ली नाही. म्हणूनच तर,’ असं म्हणत त्यांनी स्वतःच्या साबणाकडे बोट केलं. तो आता वाळून तडकत होता.

‘तुमचा पगार कशात जातो?’

‘मी साठवतो.’

‘कशासाठी?’

‘स्वतंत्र राहता यावं म्हणून,’ जावईबापू म्हणाले आणि हे आपण मोठ्याने काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

बाईंनी मान वर केली. त्या हसल्या नाहीत, पण त्यासाठी त्यांना चष्मा पुसावा लागला. मग त्या मागच्या खोलीत गेल्या. तिथून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, ‘भार कोणाचा कोणावर आहे ते स्पष्ट आहे. कळवू.’

पत्र आलं ते जावईबापूंनीच फोडलं. पहिली ओळ त्यांना पाठ होती. ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो, तथापि’. पुढे जे होतं ते असं: सासरे पूर्णपणे स्वतंत्र असून त्यांची रक्कम त्यांच्या खात्यात जमा करण्यात आली आहे. सदर घरात एक अवलंबित व्यक्ती आढळली असून ती म्हणजे आपण. सज्ञान अवलंबितास मदत देय नसल्याने आपणास मिळालेली रक्कम परत करावी.

म्हणजे एवढ्या उठाठेवीनंतर घरात जितके पैसे आधी आले होते तितकेच राहिले. फक्त जावईबापू माणसांतून गेले.

त्यांना खरोखर वाईट वाटलं. लाज तर वाटलीच, पण त्याहून वाईट हे वाटलं, की बँकेच्या रांगेत आप्पांना नेमकं काय वाटलं असेल ते आता त्यांना नीट समजलं. ते पत्र घेऊन मागच्या खोलीपाशी गेले. घंटा न वाजवता आत जाऊन त्यांनी ते आप्पांच्या हातात दिलं.

आप्पांनी ते दोनदा वाचलं. जावईबापू बोलणी खायच्या तयारीनेच उभे होते. पण आप्पांनी शेगडी बंद केली, ती उचलून माळ्यावर टाकली आणि स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांसाठी चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराबाहेर दोन टाळ्या वाजल्या आणि जावईबापूंना आयुष्यात पहिल्यांदा त्या जागेपणी ऐकू आल्या. त्यांना इतकं बरं वाटलं, की ते तिसऱ्या टाळीची वाट पाहत पडून राहिले आणि त्यांना ऑफिसला उशीर झाला.

सुट्टीच्या दिवशी बस इमारतीसमोर येऊन उभी राहिली. वकील आले, डॉक्टर आले, बँकेतली ती मुलगी आली, निम्मा जुना डेपो आला. तपासनीस बाईंनाही बोलावलं होतं. त्या नियमात बसत नाही म्हणाल्या आणि आल्या. जुना ड्रायव्हर चाकावर बसला. कंडक्टर कोण, यावर वाद होण्याआधीच काकूंनी आप्पांची जुनी चामडी पिशवी गळ्यात अडकवली होती. आप्पांनी आपल्या हाताने प्रत्येकासाठी तिकीट कापून ठेवलं होतं, त्या डब्यातल्या जुन्या तिकिटांतून. काकू दारातच एकेकाला ते देत होत्या. फुकट कोणी चढायचं नाही, म्हणून प्रत्येकाकडून एक एक नाणंही घेत होत्या.

आप्पा डाव्या बाजूला चौथ्या रांगेत खिडकीपाशी जाऊन बसले. आधी ते जागेच्या कडेवरच टेकले होते, कोणी उठवेल या धास्तीने. मग मुलीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते मागे रेलले.

सगळ्यात शेवटी जावईबापू चढले, कारण घराची किल्ली शोधण्यात त्यांचा वेळ गेला. बसायला जागा उरली नव्हती. ते वरच्या दांडीला लोंबकळत उभे राहिले. आप्पांनी त्यांना उभं पाहिलं आणि सवयीने उठायला गेले. मुलीने त्यांना धरून बसवलं.

‘तिकीट?’ काकू पिशवी वाजवत समोर आल्या.

जावईबापूंनी खिसे चाचपले. पाकीट घरी राहिलं होतं. ‘काकू, तिकिटाचं म्हणजे...’

‘अवलंबित ना तुम्ही? मग अर्धं काढा,’ काकू सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, आणि गाडी हसली. तपासनीस बाई चष्मा पुसू लागल्या. पुढून जुन्या ड्रायव्हरने आरशात बघत विचारलं, ‘कोण आहेत हे गृहस्थ?’

सगळे जावईबापूंकडे पाहू लागले. त्यांच्या जिभेवर ते जुनं वाक्य आलंच होतं. त्यांनी ते गिळलं, दांडी घट्ट धरली आणि म्हणाले, ‘मी आप्पांकडे असतो.’

आप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांनी मान वळवली नाही, इतकी वर्षं थांबून मिळालेला देखावा ते सोडणार नव्हते. पण त्यांनी हात मात्र वर केला.

‘काकू, त्यांना पुढे जाऊ द्या,’ ते म्हणाले. ‘त्यांचा पास आहे.’

आणि त्यांनी दोनदा टाळी वाजवली.